वेढ्यातला जंतू

दिवाळीच्या अंकात क्षयाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. समोर चकल्या-करंज्यांचे ताट, अंगाला उटण्याचा वास, आणि वाचायला हा विषय! पण आपल्या पूर्वजांनी ह्या रोगाची कथा सांगताना प्रत्यक्ष चंद्रालाच रोगी केले होते. दक्षाने आपल्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या. त्याचे मन जडले ते एकट्या रोहिणीवर. बाकीच्या सव्वीसजणी रडत बापाकडे गेल्या, दक्ष कोपला आणि चंद्राला क्षय लागला. नक्षत्रांच्या राजाला झाला म्हणून तो राजयक्ष्मा. चरकसंहितेत ही कथा आली आहे, आणि तेथे अश्विनीकुमार चंद्राला बरा करतात. पुराणांत मात्र शाप पुरता फिटत नाही. पंधरा दिवस झिजायचे, पंधरा दिवस भरायचे, अशी तडजोड होते. चंद्र मरत नाही आणि शापही जात नाही. दोघेही आकाशात नांदतात.

वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर ही दुसरी कथा सत्याच्या फार जवळ आहे. क्षयाचा जंतू अंगात शिरला म्हणजे क्षय झालाच, असे नव्हे. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या अंगी ह्या जंतूचा शिरकाव झाल्याच्या खुणा सापडतात, असा अंदाज आहे. आपल्या देशात २०१९ ते २०२१ ह्या काळात जी पाहणी झाली, तीत पंधरा वर्षांवरील दर दहा माणसांत सुमारे तिघांच्या रक्ताने ही खूण दाखविली. ह्या सगळ्यांना रोग होत नाही. अशा शंभर माणसांतली पाच ते दहा माणसे आयुष्यात केव्हातरी आजारी पडतात. उरलेली नव्वद-पंचाण्णव संसार करतात, नातवंडे खेळवतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात. मग त्यांच्या अंगात तो जंतू काय करीत असतो? आणि अंग त्याचे काय करीत असते? एवढ्या साध्या प्रश्नाच्या मागे माणूस जवळजवळ दीडशे वर्षे लागला आहे.

ह्या शोधाचा आरंभ एका नवरदेवापासून करावा असे मला वाटते. एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ. १८६९ साली त्याचे लुडमिला नावाच्या तरुणीशी लग्न झाले, तेव्हा वधू इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तिला क्षय होता. पुढची चार वर्षे मेचनिकॉफने तिला उबदार हवेच्या शोधात गावोगाव फिरविले, पैशासाठी रात्री जागून भाषांतरे केली, सूक्ष्मदर्शकावर डोळे बिघडवून घेतले. १८७३ साली मदीरा बेटावर ती गेली. त्याने भरपूर मॉर्फीन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. पण मात्रा इतकी मोठी झाली की उलटी होऊन सगळे बाहेर पडले आणि तो वाचला.

नऊ वर्षांनी, १८८२ च्या हिवाळ्यात, तो सिसिली बेटावरच्या मेसिना गावी समुद्रकाठी राहत होता. दुसरे लग्न झाले होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी बसला. समोर तारामाशाची अळी होती, काचेसारखी पारदर्शक. तिच्या अंगात इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी त्याला दिसत होत्या. त्याच्या मनात आले, ह्या पेशी शत्रूशी लढत असतील तर? तसे असेल, तर अळीच्या अंगात काटा टोचला की त्या काट्याभोवती गोळा व्हायला हव्यात. अंगणात नाताळसाठी संत्र्याचे एक लहानसे झाड मुलांकरिता सजविलेले होते. त्याने बागेतून गुलाबाचे काही काटे आणले, अळ्यांना टोचले, आणि रात्रभर त्याला झोप आली नाही. पहाटे पाहतो तर प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! आपल्या अंगातल्या पांढऱ्या पेशींचे खरे काम काय, हे त्या पहाटे प्रथम कोणाला तरी दिसले. पुढे ह्या पेशींना 'भक्षक पेशी' अशा अर्थाचे ग्रीक नाव मिळाले आणि १९०८ साली मेचनिकॉफला नोबेल पारितोषिक.

त्याच १८८२ सालच्या मार्चमध्ये, २४ तारखेला, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला होता. कॉखची व्याख्यानाची हातोटी बेताचीच होती म्हणतात. पण त्या संध्याकाळी त्याने दोनशेहून अधिक नमुने मांडून ठेवले होते, आणि भाषण संपल्यावर एकालाही प्रश्न विचारावासा वाटला नाही. त्याच वेळी त्याने एक बारीकशी गोष्ट नोंदविली होती. हे जंतू पुष्कळदा पेशींच्या पोटातच आढळतात. मेचनिकॉफच्या दृष्टीने पाहिले तर ह्याचा अर्थ उघड होता : पेशींनी शत्रू गिळला. परंतु गिळलेला शत्रू मेला आहे की पोटात मजेत नांदतो आहे? ह्या प्रश्नावर पुढची कित्येक वर्षे वाद चालला, आणि त्या वादात गंमत अशी की दोन्ही पक्ष निम्मे निम्मे बरोबर होते.

जंतू सापडला, औषध सापडले नव्हते. आपल्या इतिहासातली एक चटका लावणारी गोष्ट नेमकी ह्याच काळातली आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्वदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा त्यांना बावीसही पुरी झाली नव्हती. कॉखच्या शोधाला अवघी पाच वर्षे होत आली होती. शत्रूचे नाव-गाव कळले होते, आणि त्याच्याविरुद्ध काय करायचे ते जगातल्या कोणत्याही डॉक्टरला ठाऊक नव्हते.

कॉखला वाटले, आपल्याला ठाऊक झाले आहे. १८९० च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्याने सूचित केले की जंतूची वाढ थोपविणारा पदार्थ आपल्या हाती आला आहे. नोव्हेंबरात ते प्रसिद्ध झाले मात्र, आणि बर्लिनकडे रोग्यांची आणि डॉक्टरांची अशी रीघ लागली की विचारू नका. ह्या गर्दीत इंग्लंडहून आलेला एक तरुण डॉक्टर होता, आर्थर कॉनन डॉइल. शेरलॉक होम्सचा जनक तो हाच. त्याला व्याख्यानाच्या दालनात जागा मिळाली नाही. दुसऱ्याची टिपणे वाचून आणि रोगी पाहूनच त्याने शंका काढली, की हे औषध जंतूला मारीत नाही, सभोवतीच्या मांसाला मारते आहे. गुप्तहेराच्या बापाला शोभेलसाच तर्क म्हणायचा!

कॉखचा आधार होता गिनीपिगवरचा एक प्रयोग, आणि तो प्रयोग इतका महत्त्वाचा आहे की येथे थोडे थांबले पाहिजे. निरोगी गिनीपिगला क्षयजंतू टोचले की जखम प्रथम भरून येते. दहा-चौदा दिवसांनी तेथे गाठ उठते, ती फुटते, आणि तो व्रण जनावर मरेपर्यंत वाहत राहतो. परंतु ज्या गिनीपिगला चार-सहा आठवड्यांपूर्वीच क्षय लागला आहे, त्याला दुसऱ्या जागी पुन्हा जंतू टोचले तर वेगळेच घडते. दुसऱ्याच दिवशी ती जागा टणक व काळपट होते, तेवढे कातडे गळून पडते, आणि खालचा उथळ व्रण झरझर भरून येतो. म्हणजे रोगाने मरणारे तेच जनावर नव्या हल्ल्याला मात्र दाराशीच अडविते! त्याच्या अंगाने काहीतरी शिकून घेतलेले असते. हे काय शिकले, कोणी शिकले, हाच पुढच्या शतकाचा अभ्यासक्रम ठरला.

कॉखने मेलेल्या जंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क काढून तीच करामत माणसात साधावी असे योजिले. आधी स्वतःला टोचून घेतले. तीन-चार तासांत हातपाय ठणकू लागले, खोकला आला, श्वास कोंडला, तासभर हुडहुडी भरली, उलट्या झाल्या आणि ताप ३९.६ अंश सेंटिग्रेडवर गेला. त्याच्या प्रेयसीने, हेडविगनेही टोचून घेतले. तू फार आजारी पडशील, पण बहुधा मरणार नाहीस, असे आश्वासन त्याने तिला दिल्याचे सांगतात. प्रेमाची भाषा ज्याची त्याची!

औषध फसले. जानेवारी १८९१ मध्ये वृद्ध फिर्खोने बर्लिनमध्ये मृत रोग्यांची फुप्फुसे दाखविली : जुन्या गाठींभोवती भयंकर दाह झाला होता, त्या विरघळल्या होत्या, आणि जंतू नव्या जागी पसरून बारीक बारीक दाण्यांचे पीक आले होते. शरीराचा पहारेकरी चवताळला की घरच पेटवून देतो, हा ह्या रोगातला सर्वांत कठोर धडा असा हजारो रोग्यांच्या जिवावर शिकला गेला. कॉखच्या थोरवीला ह्याने बट्टा लागला, तो पुरता गेला नाही. पुढे १८९७ साली प्लेगच्या तपासासाठी तो मुंबईला येऊन काम करून गेला, तेव्हा त्याच्या नावामागे जंतूचा शोध आणि औषधाची फजिती ही दोन्ही होती.

पण फसलेल्या औषधातून एक कसोटी निघाली. व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्याने १९०७ साली मुलांच्या हातावर ओरखडा काढून त्यावर ह्या अर्काचा, म्हणजे ट्युबर्क्युलिनचा, थेंब ठेवला. ज्यांच्या अंगात जंतू गेलेला होता त्यांच्या हातावर दोन दिवसांत लाल फोड उठला. चकित करणारी गोष्ट ही की असा फोड उठलेली कितीतरी मुले ठणठणीत होती, हसतखेळत होती. पुढच्याच वर्षी शार्ल मांतू ह्या फ्रेंच डॉक्टरने अर्क सुईने कातडीत टोचण्याची रीत काढली. 'मांटू टेस्ट' म्हणून जी आपण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वाचतो ती हीच. त्याआधी १९०० साली झुरिकच्या नेगेलीने शवविच्छेदन करून दाखविले होते की तेथल्या मोठ्या माणसांत शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक देहांत क्षयाच्या खुणा असतात, मग माणूस मेलेला कशानेही असो. युरोपातली अख्खी शहरेच्या शहरे हा जंतू अंगात वागवीत होती.

आता मागे वळून कॉखच्या त्या तापाकडे पाहा. निरोगी, जंतू न शिवलेल्या माणसाला एवढ्या ट्युबर्क्युलिनने असे होत नाही. क्षयजंतूच्या संशोधकाच्या अंगातच तो जंतू निजलेला होता! तो कधी जागा झाला नाही. १९१० साली कॉख गेला तो हृदयविकाराने.

जंतू सगळ्यांना सारखाच, मग निकाल वेगळे का? अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रूडो ह्या डॉक्टरला स्वतःला क्षय झाला होता. न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात, सॅरॅनॅक लेक येथे, मोकळ्या हवेत तो सुधारला आणि तेथेच त्याने आरोग्यधाम काढले. त्याने सशांवर केलेला प्रयोग फार साधा आहे. पाच ससे जंतू टोचून अंधाऱ्या, दमट, कोंदट जागी ठेवले. पाच ससे जंतू न टोचता तसल्याच खड्ड्यात ठेवले. आणि पाच ससे जंतू टोचून एका लहान बेटावर मोकळे सोडले. पहिल्या पाचांतले चार क्षयाने मेले. दुसरे पाच वाळले, पण त्यांना क्षय झाला नाही. बेटावरच्या पाचांतला एकच मेला, बाकीचे उड्या मारीत राहिले. पंधरा सशांवर कोणी आज शास्त्र उभारणार नाही, हे खरे; पण जंतूइतकाच जंतू ज्याच्या घरी उतरला तो यजमानही महत्त्वाचा, हे ह्याहून सोपे करून कोणी सांगितलेले नाही.

हाच प्रयोग माणसाच्या लेकरांवर झाला, तो अपघाताने. कालमेत आणि गेरँ ह्या फ्रेंच जोडीने लील शहरात १९०८ पासून तेरा वर्षे एकच काम केले. गाईगुरांच्या क्षयाचा जंतू बैलाच्या पित्तात शिजविलेल्या बटाट्यावर वाढवायचा आणि दर तीन आठवड्यांनी नव्या बटाट्यावर न्यायचा, असे दोनशे तीस वेळा. महायुद्ध आले, लील जर्मनांनी घेतले, तरी बटाटे चालूच. तेरा वर्षांनी जंतूची नांगी गळाली, तीच बी.सी.जी. लस. १९२१ साली पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा एका तान्ह्याला पाजली. त्याची आई बाळंतपणानंतर लगेच क्षयाने गेली होती आणि सांभाळणारी आजीही क्षयीच होती. बाळ निरोगी राहिले. पण १९३० साली जर्मनीतल्या ल्यूबेक गावी लस तयार करताना तीत खरा, विषारी जंतू मिसळला. सुमारे अडीचशे तान्ह्यांना ती पाजली गेली आणि सत्तरांहून अधिक बाळे दगावली. ह्या घटनेकडे त्या काळी सगळे जग भीतीने पाहत होते, आणि ते योग्यच होते. परंतु आज ती नोंद वाचताना नजर दुसऱ्या आकड्यावर थांबते. उरलेल्यांतली बहुतेक बाळे आजारी पडून, कोणत्याही औषधाविना, बरी झाली. प्रत्येकाच्या पोटात गेलेला विषाचा वाटा सारखा नव्हता, हेही खरे. तरी पण जन्मून आठ-दहा दिवस झालेल्या जिवांच्या अंगात लढायची एवढी ताकद कोठून आली?

ती ताकद रक्ताच्या पाण्यात नाही, पेशींत आहे, हे कळायला दुसरे महायुद्ध उजाडले. घटसर्पासारख्या रोगात बरे झालेल्या जनावराच्या रक्ताचा निवळ भाग, म्हणजे रक्तद्रव, दुसऱ्याला टोचला की त्यालाही संरक्षण मिळते. क्षयाच्या बाबतीत हा डाव कधीच साधला नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कार्ल लँडस्टायनर (रक्तगट शोधणारा तोच) आणि मेरिल चेस ह्यांनी १९४२ च्या सुमारास दाखवून दिले की अशी प्रतिक्रिया रक्तद्रवाने नव्हे तर जिवंत पांढऱ्या पेशी टोचून एका गिनीपिगाकडून दुसऱ्याकडे देता येते. आणि १९४५ साली चेसने ट्युबर्क्युलिनच्या प्रतिक्रियेविषयी तेच सिद्ध केले. शिकलेले काय ते पेशीच शिकतात. कोणत्या पेशी? १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर ह्या तरुणाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या छातीतली थायमस ही ग्रंथी काढून टाकली. तोवर ही ग्रंथी निकामी समजली जाई. ते उंदीर साध्या साध्या रोगांनी मरू लागले. ह्या ग्रंथीत तयार होणाऱ्या पेशींना पुढे थायमसच्या आद्याक्षरावरून 'टी-पेशी' म्हणू लागले. मिलरची बहीण लहानपणीच क्षयाने गेली होती. मेचनिकॉफची बायको आणि मिलरची बहीण : ह्या शास्त्राच्या पायात अशी माणसे पुरलेली आहेत.

एवढे कळल्यावर वेढ्याचे चित्र हळूहळू पुरे झाले. खोकल्याच्या तुषारातून आलेला जंतू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या हवेच्या फुग्यापर्यंत पोहोचतो. तेथे पहाऱ्यावर असलेली महाभक्षक पेशी त्याला गिळते. एरवी गिळलेला जंतू एका पिशवीत कोंडला जातो, त्या पिशवीला पाचक रसांची पिशवी येऊन मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. पण क्षयजंतू ह्या दोन पिशव्यांची भेटच होऊ देत नाही! हे १९७१ साली लंडनमध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट ह्यांनी दाखविले. (हे हार्ट शंभरी ओलांडून एकशे सहा वर्षे जगले.) अशा रीतीने पहारेकऱ्याच्याच ओसरीवर चोर बिऱ्हाड करतो आणि सावकाश वाढतो. इतर जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. ह्याला जवळजवळ एक दिवस लागतो. घाई त्याच्या स्वभावात नाही.

काही आठवडे असे जातात. मग जंतूचा एखादा तुकडा जवळच्या लसीकाग्रंथीत पोहोचतो, तेथे टी-पेशींना शत्रूची ओळख पटते, त्यांची फौज वाढते आणि फुप्फुसाकडे निघते. मांटूचा फोड उठतो तो ह्यानंतरच. टी-पेशी स्वतः जंतूला हात लावीत नाहीत. त्या महाभक्षकाला हाकारा देतात. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉर्ज मॅकॅनेस ह्याने १९६० नंतरच्या दशकात हे दाखविले, की एकदा हाकारा मिळालेला महाभक्षक पूर्वीचा राहत नाही. तो चवताळतो आणि पूर्वी न पचणारे जंतूही पचवितो. मॅकॅनेस पुढे ट्रूडोच्याच गावी, ट्रूडोच्या नावाच्या संस्थेचा प्रमुख झाला. तो हाकारा म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे १९८३ साली कळले : गॅमा इंटरफेरॉन. १९९३ साली हा पदार्थ बनविता न येणारे उंदीर क्षयाने भराभर मेले. आणि १९९६ साली काही घराण्यांतली अशी मुले आढळली, की ज्यांच्या पेशींना ही हाकच ऐकू येत नव्हती. त्यांना बिचाऱ्यांना बी.सी.जी.च्या नांगी गळालेल्या जंतूनेही आजारी पाडले होते.

मग जंतूभोवती गाठ बनते. मधोमध जंतू पोटात असलेले महाभक्षक. त्यांतले काही एकमेकांत मिसळून अनेक केंद्रांच्या अजस्र पेशी झालेले. त्यांच्या बाहेर टी-पेशींचे कडे. आणि सगळ्यांत बाहेर तंतूंची तटबंदी. आतला भाग पुष्कळदा मरून घट्ट दह्याच्या चोथ्यासारखा होतो. तेथे प्राणवायू पोहोचत नाही, आणि जंतू गुंगीत गेल्यासारखा पडून राहतो. किल्ला घेता येत नाही आणि वेढाही उठवता येत नाही, अशी ही अवस्था. सुप्त क्षय म्हणतात तो हाच. रोगी त्याला म्हणता येत नाही; तो खोकत नाही, त्याच्यापासून कोणाला लागण होत नाही. ज्या घरांत 'टी.बी.' हा शब्द चोरून उच्चारला जाई आणि त्या घरच्या मुलीचे लग्न अडे, त्या पिढीला हा फरक कोणी नीट समजावून सांगितला असता तर किती बरे झाले असते!

वेढा रोज चालू ठेवावा लागतो, हे मात्र फार उशिरा आणि फार वाईट रीतीने कळले. १९८० नंतरच्या दशकात एच.आय.व्ही.चा विषाणू आला. तो नेमक्या हाकारा देणाऱ्या सी.डी.४ टी-पेशीच मारतो. ज्यांच्या अंगी क्षयजंतू निजलेला होता आणि ज्यांना जन्मभरात शंभरांत पाच-दहा इतकाच धोका होता, त्यांना आता उपचाराविना दर वर्षाला जवळजवळ तेवढा धोका झाला. दुसरा पुरावा औषधांनी दिला. संधिवाताचा दाह शमविण्यासाठी टी.एन.एफ. नावाच्या शरीरद्रव्याला आवर घालणारी औषधे निघाली. २००१ साली अमेरिकेत नोंद झाली की त्यांतले एक औषध सुरू केल्यावर सत्तर रोग्यांना क्षय उफाळला, आणि तोही बहुतेकांना थोड्याच महिन्यांत. हे टी.एन.एफ. म्हणजे गाठीच्या तटबंदीतला चुना होता! आज ही औषधे सुरू करण्यापूर्वी निजलेला क्षय आहे काय, हे पाहण्याचा दंडक पडला आहे.

तरी सगळे पाप दुबळेपणाच्या माथी मारता येत नाही. आवेश फार झाला तरी घात होतो. सक्रिय क्षयात गाठीतला दह्यासारखा भाग पातळ होतो, फुप्फुसाची भिंत फोडून श्वासनलिकेत उतरतो आणि मागे पोकळी राहते. त्या पोकळीत हवा खेळते आणि जंतू कोट्यवधींनी वाढतात. पण ही पोकळी पाडणारी रसायने आपल्याच पेशींची असतात. एच.आय.व्ही.मुळे प्रतिकार अगदी खचलेल्या रोग्यांच्या फुप्फुसात अशा पोकळ्या उलट कमी आढळतात. जंतूला एका घरून दुसऱ्या घरी जायला खोकला लागतो, खोकल्याला पोकळी लागते, आणि पोकळीला यजमानाचा राग. आपल्या रागावर हा जंतू हजारो वर्षे प्रवास करीत आला आहे.

ह्या कथेला एक गमतीदार वळण अलीकडे मिळाले. बडोद्यात वाढलेल्या आणि तेथेच वैद्यक शिकलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन ह्यांनी अमेरिकेत, आणि पुढे केंब्रिजला, एका लहानशा पट्टेदार माशाच्या अळीत क्षयजंतूचा भाऊबंद सोडला. हा मासा मूळचा आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा, आणि त्याची अळी मेचनिकॉफच्या तारामाशासारखीच पारदर्शक. २००२ पासूनच्या त्यांच्या कामात दिसले की गाठ ही आपण समजतो तशी निव्वळ तटबंदी नाही. आरंभीच्या काळात नव्या भक्षक पेशी गाठीत येतात, मेलेल्या पेशींतले जंतू गिळतात, आणि त्यांतल्या काही बाहेर पडून जंतू पुढे नेतात. वेढा घालणाऱ्यांच्याच पालखीतून शत्रू निसटतो म्हणायचा! आणि २०१४ साली माकडांवरच्या अभ्यासात आढळले की एकाच फुप्फुसात एका गाठीतले जंतू पुरते मेलेले असतात आणि शेजारचीत जोमाने वाढत असतात. म्हणजे 'सुप्त' आणि 'सक्रिय' ही माणसाची अवस्था म्हणण्यापेक्षा गाठीगाठीची अवस्था म्हणणे अधिक खरे.

म्हणूनच आजची अडचण कायम आहे. हातावरचा फोड आणि गॅमा इंटरफेरॉन मोजणारी रक्ताची नवी परीक्षा दोन्ही एवढेच सांगतात की टी-पेशींना शत्रूची ओळख आहे. शत्रू निजला आहे की उठला, की केव्हाच मेला, हे त्या सांगत नाहीत. २०१० साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी सक्रिय क्षयाच्या रोग्यांच्या रक्तात जनुकांच्या हालचालींची एक ठरावीक छाप दाखविली. तीत न्यूट्रोफिल ह्या पांढऱ्या पेशींचा आणि इंटरफेरॉनचा गोंगाट होता. सुप्त म्हटलेल्या लोकांत ती बहुधा नव्हती, पण दहांतल्या एखाद्यात होती. तो एक कोण, ह्याचा शोध चालू आहे.

लसीचीही तीच गत. आपल्याकडे तामिळनाडूत चिंगलपट जिल्ह्यात १९६८ साली बी.सी.जी.ची जगातली सर्वांत मोठी पारख सुरू झाली, आणि १९७९ साली निकाल आला की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ह्या लसीने तेथे संरक्षण दिले नाही. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आवरणाच्या आणि सर्व अंगात पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचविते, म्हणून आजही जन्मल्याबरोबर दंडावर टोचतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावरचा वण तोच. मोठ्यांसाठी एम ७२ नावाची नवी लस आहे. ती ज्यांच्या अंगात जंतू आधीच शिरला आहे अशांनाच देऊन पाहिली, आणि तीन वर्षांत सक्रिय क्षयाचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी भरले. २०२४ साली दक्षिण आफ्रिकेत तिची मोठी पारख सुरू झाली. वीस हजारांपर्यंत माणसांवर ती व्हायची होती. लस नेमके काय करते, टी-पेशींची संख्या वाढविते की त्यांचा स्वभाव बदलते, ह्यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.